गाडीखालचा तांबडा डाग

घरातली यंत्रे चिरंजीवांनी दुरुस्त करायची आणि त्या यंत्रांवर टीका मी करायची, अशी कामाची वाटणी आमच्याकडे पूर्वीपासून ठरलेली आहे. मिक्सर असो, गिझर असो, की जिन्यातला दिवा असो, ही वाटणी कधी मोडली नाही. तेव्हा मोटारीच्या गिअर बॉक्ससारख्या विषयाला मी हात घातलेला पाहून या सदराच्या जुन्या वाचकांना चिवडा खाताखाता ठसका लागण्याचा संभव आहे. पण २०२४ च्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या तीन आठवड्यांत आमच्या गाडीने जे काही शिकवले, ते ज्यांच्या दाराशी गाडी उभी आहे अशा प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल, असे मला वाटते. शिवाय त्यात माझी थोडी फजितीही आहे. आणि दुसऱ्याची फजिती फराळाबरोबर विशेष रुचते, हे मी अनुभवाने जाणतो.

गाडी म्हणाल तर चांगली थोरली, उंच, सात माणसे बसतील अशी. गिअर आपले आपण पडतात, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. चिरंजीवांनी ती त्याच वर्षी जुनी घेतली होती. मी विरोध केला. "आपण माणसं पाच. वरात काढायची आहे का?" असे विचारले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आजीला लहान गाडीत वाकून बसता येत नाही. तिला एकदा गुहागरला न्यायचं आहे."

माझ्या आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. माहेर गुहागरचे, कुलदैवत व्याडेश्वर. अकरा वर्षांत तिचे तिकडे जाणे झाले नव्हते. यावर खरे म्हणजे मी गप्प बसायला हवे होते. पण बोलून गेलो, "जुनी गाडी म्हणजे जुनं दुखणं." हे वाक्य त्या दिवशी मी एकंदर तीनदा म्हटले. पुढे ते मला फार महाग पडले.

दसरा १२ ऑक्टोबरला होता. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू चिरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये गाडी पुढे घेतली, तो खालच्या फरशीवर तीनचार तांबडे थेंब.

"अहो, कालचं कुंकवाचं पाणी ओघळलं असेल," सौ. म्हणाल्या.

मला ते पटले. कारण ते सोयीचे होते. दोन दिवसांनी थेंब पुन्हा दिसले. कुंकवाचे पाणी तीन दिवसांनी ओघळत नाही, आणि बॉनेटवरून निघून गाडीच्या मधोमध जाऊन पडत नाही, एवढे माझ्यासारख्या माणसालाही कळत होते. पण तिसऱ्या दिवशी पाहतो तो फरशी स्वच्छ! मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या आठवड्यात डाग पुन्हा, आणि पुन्हा फरशी स्वच्छ. मी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर "मी सांगत नव्हतो?" असाच त्याचा अर्थ झाला असता. चिरंजीवांनी कर्ज काढून, आजीच्या गुडघ्यांकडे पाहून घेतलेली गाडी. तिच्याविषयी हे बोलायला जीभ रेटेना.

मग एके दिवशी सोसायटीच्या चढणीवर गाडी मागे घ्यायची होती. चिरंजीवांनी दांडा मागच्या गिअरवर टाकला. गाडी क्षणभर नुसतीच थांबली, जणू विचार करते आहे, आणि मग एक हिसका देऊन मागे सरली. चिरंजीवांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्या रात्री मला झोप येईना. साडेअकराला बॅटरी घेऊन खाली गेलो. गाडीशेजारी कोणी बसलेले दिसले. चोर म्हणून ओरडणार, तोच ओळखले. चिरंजीव! बादली, साबणाची पूड, ब्रश असा सगळा सरंजाम.

"बाबा, तुम्ही?"

"आणि तू?"

"डाग घासतोय. तुम्हाला दिसला असता तर तुम्ही म्हणाला असता—"

"काय म्हणालो असतो?"

"जुनी गाडी म्हणजे जुनं दुखणं."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीन आठवडे बाप आणि लेक एकच डाग एकमेकांपासून लपवीत होते. एवढ्यात माझे लक्ष गेले, तो पुढचे एक चाक जॅकवर उचललेले, आणि चिरंजीव खाली सरकण्याच्या बेतात. मी त्यांना दंडाला धरून मागे ओढले. इथे वाचकांना, विशेषतः तरुण वाचकांना, हात जोडून सांगतो: गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता गाडी उचलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. तो सरकला की दोन टनांचा बोजा छातीवर येतो. खाली जायचेच असेल तर सपाट जागा, चाकांना अटकाव आणि भक्कम लोखंडी स्टँड हवेत. नाही तर ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजचे.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव गाडी एका मोठ्या, झगझगीत सर्व्हिस सेंटरात घेऊन गेले. तिथल्या तरुणाने खालून पाच मिनिटे प्रकाश टाकला, सगळेच तेलाने माखलेले पाहिले आणि निदान सांगितले: गिअर बॉक्सचे पुढचे सील गेले, संपूर्ण गिअर बॉक्स उतरवावा लागेल, खर्च ब्याण्णव हजार, मुदत पंधरा दिवस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, आम्ही गुहागरला निघणार होतो.

रात्री जेवताना कोणी बोलेना. अखेर आईनेच विचारले. चिरंजीवांनी सांगितले. ती म्हणाली, "मग काय झालं? पुढल्या वर्षी जाऊ." चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने 'पुढल्या वर्षी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. तिलाही ते कळले असावे, कारण तिने लगेच विषय बदलून विचारले, "पण टपकतं कुठे रे?"

"मधोमध, जरा मागच्या बाजूला."

"टपकतं तिथंच फुटलंय, हे त्यांना कुणी सांगितलं? आमच्या गुहागरच्या घरी पावसाळ्यात देवघरात पाणी ठिबकायचं. तुझ्या पणजोबांनी दोन वर्षं देवघरावरचीच कौलं बदलली. तिसऱ्या वर्षी शाकारणीला गडी आला, तो थेट आढ्याशी चढला. फुटकं कौल तिथं होतं. पाणी वाशावरून ओघळत खाली यायचं आणि देवघरावर आलं की ठिबकायचं."

चिरंजीव इंजिनिअर आहेत. ते घास हातात तसाच धरून आजीकडे पाहत राहिले.

आमच्या पेठेत एक मिस्त्री आहेत. माझी स्कूटर वीस वर्षे त्यांनीच चालती ठेवली. आता त्यांच्याकडे गाड्या उचलायची लिफ्ट आहे आणि पुतण्याने स्वयंचलित गिअरचे रीतसर शिक्षण घेतले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघेही गेलो.

मिस्त्रींनी गाडीखाली पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी आधी विचारले, "साहेब, हे गिअरचंच तेल कशावरून?" पुतण्याने गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला आणि इंजीन चालू केले. दहा मिनिटांनी पुठ्ठ्यावर दोन थेंब. मग मिस्त्रींनी जो पाठ दिला, तो मी जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. नितळ पाणी असेल तर ते एअर कंडिशनरचे, त्याची काळजी नको. काळपट, तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर इंजिनाचे तेल. हिरवे, गुलाबी किंवा तांबडे, पण पाण्यासारखे पातळ आणि किंचित गोडसर वासाचे असेल तर ते रेडिएटरमधले कूलंट. पुष्कळ लोक इथेच फसतात. स्वयंचलित गिअरचे तेल बहुधा तांबडे, बोटांत चोळले तर चिकट आणि निसरडे. काही जुन्या गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच तांबडे तेल असते, म्हणून तीही टाकी पाहावी. आमच्या गाडीचे स्टिअरिंग विजेवर चालणारे, तेव्हा तो संशय फिटला.

रंगाची आणखीही एक खूण आहे. तेल तांबडे राहून थोडे काळवंडले तर ते वयाने. तपकिरी होऊन जळका वास आला तर आतल्या क्लचच्या चकत्या जळू लागल्या. आणि स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी, गढूळ दिसले तर रेडिएटरचे पाणी तेलात शिरले. मग गाडी एक मैलही चालवू नये. आमचे तेल तांबडेच होते.

"आता धुऊ या," मिस्त्री म्हणाले. मला वाटले, चहाचे कप. पण त्यांनी गाडी वर उचलली आणि गिअर बॉक्सचे सारे पोट तेल काढणाऱ्या द्रावणाने धुऊन, पुसून, हवेने वाळवून कोरडे केले. "साहेब, सगळं माखलेलं असताना गळती शोधणं म्हणजे रंगपंचमीत माणूस ओळखणं. गाडी धावताना वाऱ्यानं तेल मागं उडतं, कडेकडेनं ओघळतं आणि भलतीकडेच टपकतं." मी चिरंजीवांकडे पाहिले. आजीची कौले दोघांनाही आठवली.

गाडी धुतल्यावर पुतण्या तिला दहा किलोमीटर फिरवून आणता झाला. तेल गरम व्हायला हवे. थंड तेल जाड असते, आणि नळ्यांत दाब येतो तो इंजीन चालू असतानाच. उभ्या गाडीतूनही सारखे ठिबकत असेल तर बुडाच्या चेंबरचे पॅकिंग किंवा तेल सोडायच्या बोल्टाचे वायसर तपासावे. इंजीन चालू असताना गळती जोर करीत असेल तर दाबाच्या नळ्यांकडे पाहावे. बारीक गळती दिसतच नसेल तर तेलात एक रंगद्रव्य घालतात आणि जांभळ्या दिव्याखाली ओघळ चमकतो. आमच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

गाडी परत आली, वर चढली, आणि आम्ही तिघे माना वर करून उभे राहिलो. मिस्त्रींनी सर्वांत खालच्या थेंबापासून प्रकाशाचा झोत हळूहळू वर नेला. थेंब चेंबरच्या मागच्या कोपऱ्यावर. तिथून ओलसर रेघ चेंबरच्या काठाने पुढे. तिथून गिअर बॉक्सच्या कुशीवरून वर. आणि वर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही अशा जागी, गिअरचे तेल थंड करायला पुढे नेणारी रबरी नळी. जोडाशी ती चिरली होती आणि क्लिप गंजून सैल पडली होती. नळीच्या भेगेत एक तांबडा मणी फुगत होता. आमच्या डोळ्यांदेखत तो सुटला आणि मोत्यासारखा घरंगळत निघाला.

"पुढचं सील गेलं असतं," मिस्त्री म्हणाले, "तर इंजीन आणि गिअर बॉक्स जुळतात त्या सांध्यातून तेल आलं असतं. तिथं बघा, हात लावून बघा." चिरंजीवांनी हात लावला. कोरडे ठणठणीत.

मी माझी अक्कल पाजळली. "मिस्त्री, चेंबरचे बोल्ट जरा आवळून टाका ना, म्हणजे तिकडचीही काळजी नको." मिस्त्री हसले. ते बोल्ट फार हलक्या हाताने, ठराविक मापानेच आवळायचे असतात. जास्त आवळले तर पत्रा वाकतो, पॅकिंग पिळून बाहेर येते आणि नव्हती ती गळती सुरू होते. चिरंजीवांनी हळूच दुसरी गोष्ट विचारली: बाजारात गळती थांबवणारे औषध मिळते, ते ओतले असते तर? मिस्त्री म्हणाले की त्याने रबराची जुनी सीले फुगतात, तीही काही दिवसांपुरती. चिरलेली नळी त्याने सांधत नाही.

दोन्ही नळ्या नव्या घातल्या. त्या रेडिएटरच्या पाण्याच्या साध्या नळ्या नव्हेत. गरम तेल आणि दाब सोसणाऱ्या, त्याच कामाच्या. क्लिपा नव्या. मग तेल भरायचे. आमच्या गाडीत तेल मोजायची पट्टीच नाही, आणि पुष्कळ नव्या गाड्यांत नसते. गाडी सपाट उभी करून, इंजीन चालू ठेवून, तेलाचे तापमान यंत्रावर पाहत, साधारण चाळीस अंशांना बुडाचा एक बोल्ट उघडायचा. जास्तीचे तेल बारीक धारेने बाहेर येते; धार तुटून थेंब थेंब झाले की बोल्ट बंद. प्रत्येक गाडीचे आकडे निराळे, ते तिच्या पुस्तिकेत असतात, आणि तेलही पुस्तिकेत लिहिले असेल त्याच जातीचे हवे. कमी भरले तर गिअर घसरतात. जास्त भरले तर तेलाला फेस येतो आणि ते हवा जायच्या भोकातून उसळते, म्हणजे पुन्हा गळतीचा भास! आमच्या गाडीला सव्वा लिटर तेल कमी पडले होते. चढणीवर ती विचार का करीत होती, ते आता कळले. साध्या गिअरच्या गाडीत तेल फक्त दातांना वंगण देते. या गाड्यांत ते इंजिनाचा जोर चाकांकडे पोहोचवते, आपल्या दाबाने आतले क्लच धरून ठेवते, आणि वंगणाचे व थंडाव्याचे कामही करते. ते कमी झाले की हवा शिरते, दाब पडतो, चकत्या घसरतात आणि जळतात. तशा गाडीत आईला बसवून आम्ही कुंभार्ली घाट उतरणार आणि परत चढणार होतो.

बिल झाले सहा हजार दोनशे. मिस्त्री म्हणाले, "अजून महिनाभर घासत बसला असतात, तर ब्याण्णव हजारांचं काम खरंच निघालं असतं."

घरी आल्यावर या तांबड्या तेलाविषयी मी थोडे वाचन केले. सेवानिवृत्त माणसाला तेवढेच जमते. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर स्वयंचलित गिअर आणला, तेव्हापासून या तेलाचा संसार वाढला. तांबडा रंग त्यात मुद्दाम घालतात, तो केवळ इतर तेलांपासून ओळखू यावे म्हणून. आणि एके काळी त्या तेलात स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत; क्लच अलगद लागण्याचा गुण त्यात होता. १९७० साली अमेरिकेने त्या देवमाशाला संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले, आणि मग रसायनशास्त्रज्ञांना त्याची जागा घेणारे द्रव्य शोधावे लागले. हे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं बाई, सुटला बिचारा."

४ नोव्हेंबरला पहाटे निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर. घाटाच्या माथ्यावर चिरंजीवांनी गाडी थांबवली आणि उतरून खाली पाहिले. मीही उतरलो. या वेळी दोघांनी एकमेकांदेखत वाकून पाहिले. काही नव्हते. मी म्हटले, "जुनी गाडी—" चिरंजीवांचा चेहरा पडला. "—जुनी गाडी असली तरी चढ छान काढते," असे मी वाक्य पुरे केले. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आता निघा. देवळात आरतीला पोचायचं आहे."

व्याडेश्वराच्या गाभाऱ्यासमोर ती बराच वेळ बसली होती. काय मागितले ते आम्ही विचारले नाही. उठताना तिने चिरंजीवांचा हात धरला, माझा नाही. मला त्याचा राग आला नाही.

तर वाचकहो, आपल्या दाराशी गाडी असेल तर आज रात्री तिच्याखाली एक पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी कोरडा निघाला तर आनंदच आहे. डाग दिसला तर तो घासू नका आणि घरात कोणापासून लपवूही नका; जपून ठेवा आणि मिस्त्रींना दाखवा. आमचा पुठ्ठा अजून पार्किंगमध्ये आहे. रोज सकाळी आधी खाली जाईल त्याने तो पाहायचा आणि दुसऱ्याला सांगायचे, अशी नवी वाटणी आता आमच्याकडे ठरली आहे.